बटाट्याचा वाण पारखताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तुर्भे एमआयडीसीतल्या एका लहान वेफर कारखान्यात आम्ही कुफ्री चिप्सोना-३ या वाणाचे काप तळून पाहत होतो. कढईतून निघालेला पहिलाच घाणा चहाच्या रंगाचा होता, कापांच्या कडा काळपट पडल्या होत्या आणि जिभेवर कडवटपणा रेंगाळत होता. शेजारच्या ताटात दुसऱ्या वाणाचे काप फिकट पिवळे, स्वच्छ दिसत होते. तेव्हा मी वहीत 'रंग नापास, वाण नको' एवढे लिहिले आणि विषय संपवला. त्या गोण्या आमच्याकडे येण्यापूर्वी कुठे होत्या, हे मी आठवड्याने विचारले. एका शीतगृहात भाजीच्या बटाट्याबरोबर त्या दोन-अडीच महिने तीन-चार अंश सेल्सिअसच्या कोठीत राहिल्या होत्या, तर शेजारच्या ताटातला बटाटा मंचरकडच्या एका शेतकऱ्याच्या आरणीतून (शेतावरच पाल्याखाली झाकून ठेवलेल्या ढिगातून) थेट आलेला होता. माझी तुलना दोन साठवणींची झाली होती आणि निकाल मात्र मी वाणांच्या नावे लिहिला होता.

बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, एकूण ४८ गुणसूत्रे असतात. त्यामुळे संकरातून निघालेले प्रत्येक रोप वेगळे निघते आणि हजारो रोपांमधून एखादा वाण हाती लागेपर्यंत दहा-बारा वर्षे जातात. एवढ्या कष्टाने आलेल्या वाणाला अर्ध्या तासात बाद करण्याचा अधिकार कोणालाच नाही, असे मला आता मनापासून वाटते. ठाणे आणि नवी मुंबईच्या दमट हवेत बटाटा पिकत नाही हे खरे, पण वाशीच्या बाजार समितीत आग्रा, इंदूर, डिसा आणि मंचरचा माल उतरतो आणि वेफर, वडा, सामोसा करणाऱ्यांच्या हातात तो इथेच पडतो. म्हणून पारख करण्याची मोठी जबाबदारी आपल्याकडे येते.

गोणीचा प्रवास न विचारता काप तळणे

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि तिचे नुकसानही सर्वांत मोठे असते. बटाटा थंडीत ठेवला की त्यातला स्टार्च हळूहळू साखरेत बदलतो. आधी सुक्रोज वाढते आणि मग इन्व्हर्टेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभाजन करते. या दोन क्षपणकारी साखरा कढईतल्या तापमानाला बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी संयोग पावतात. कापाचा तपकिरी रंग आणि कडवट चव तिथून येते. याच क्रियेत अ‍ॅस्पॅराजीन या अमिनो आम्लापासून अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानले जाणारे रसायन तयार होते, हे २००२ पासून जगभर माहीत आहे. म्हणून गडद कापाकडे केवळ दिसण्याचा दोष म्हणून पाहू नये.

वेफरसाठी ताज्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्ये क्षपणकारी साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असावी, असा सर्वमान्य निकष आहे. तीन-चार अंशांवर ठेवलेला जवळपास कोणताही जुना वाण काही आठवड्यांतच ही मर्यादा ओलांडतो. प्रक्रियेचा बटाटा म्हणूनच १० ते १२ अंशांवर ठेवतात आणि त्या तापमानाला मोड येऊ नयेत यासाठी आपल्याकडे सीआयपीसी या मोड रोखणाऱ्या रसायनाची धुरी देतात. युरोपीय संघाने २०१९ मध्ये सीआयपीसीची मान्यता पुढे चालू ठेवली नाही. त्यामुळे निर्यातीचा विचार असेल तर वाणाची स्वतःची सुप्तावस्था (काढणीनंतर मोड न येण्याचा काळ) किती लांब आहे, ही नोंद आधीपासून ठेवणे शहाणपणाचे ठरते. येथे एक सूचना आवर्जून करतो: सीआयपीसीची धुरी दिलेल्या कोठीत बेणे कधीही ठेवू नये, कारण ते उगवणार नाही आणि पुढच्या वर्षी दोष पुन्हा वाणाच्याच माथी येईल.

थंडीत गोड झालेला बटाटा १५ ते १८ अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवला तर त्यातली बरीच साखर पुन्हा कमी होते. कोणता वाण असा सावरतो आणि कोणता सावरत नाही, हा फरक मौल्यवान आहे आणि तो चाचणीतच मोजायला हवा. उलट, उबदार जागी फार दिवस राहून म्हातारपणाने गोड झालेला बटाटा मात्र सावरत नाही. कढईत दोन्ही सारखेच काळे दिसतात, त्यामुळे गोणीचा इतिहास माहीत नसेल तर दोष कुठला हे सांगता येत नाही.

वेगवेगळ्या पिढीचे बेणे शेजारी शेजारी लावणे

नव्या वाणाचे बेणे पैदासकाराकडून ताजे येते आणि तुलनेसाठी लावलेला स्थानिक बटाटा चार-पाच वर्षे घरच्याच बेण्यावर चाललेला असतो. अशा चाचणीत नवा वाण जिंकणार हे लावणीच्या दिवशीच ठरलेले असते. मावा ही रस शोषणारी कीड आणि लावलेले बेणे या दोन्हींमधून पुढे जाणारे विषाणू दर पिढीला बेण्यात साठत जातात; पाने गुंडाळतात, झाड खुजे राहते आणि उत्पादन घसरते. त्याला शेतकरी 'बेणे उतरले' म्हणतात. उतरलेले बेणे म्हणजे उतरलेला वाण नव्हे. चाचणीतील सर्व वाणांचे बेणे एकाच पिढीचे, शक्यतो एकाच भागात वाढवलेले आणि ३० ते ५० ग्रॅम वजनाचे असावे. शीतगृहातून काढलेले बेणे त्याच दिवशी सरीत टाकू नये. मंद उजेडात दहा-बारा दिवस पसरून त्याला आखूड, जाड, रंगीत मोड येऊ द्यावेत. एका वाणाला मोड आलेले आणि दुसऱ्याला नाहीत, अशी लावणी झाली तर पहिल्या महिन्यातला फरक बेण्याच्या वयाचा असतो.

फक्त क्विंटल मोजणे

शेतात काटा लागला की सर्वांचे लक्ष एकाच आकड्याकडे जाते. समजा, एका वाणाने हेक्टरी ३०० क्विंटल दिले आणि त्यात शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) १६ टक्के आहे; दुसऱ्याने २५० क्विंटल दिले आणि त्यात २१ टक्के आहे. पहिल्यातून ४८ क्विंटल घन पदार्थ मिळतो, दुसऱ्यातून साडेबावन्न. भाजी बाजारात पहिला वाण शेतकऱ्याला परवडेल, पण वेफरवाला त्याच्या प्रत्येक क्विंटलमागे ८४ किलो पाणी विकत घेतो, ते वाहून आणतो आणि तेल जाळून उडवतो. कमी शुष्क पदार्थाचा काप तेलही जास्त पितो. वेफरसाठी २० टक्क्यांच्या वर शुष्क पदार्थ हवा, ही अट त्यामुळेच आहे.

हे मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. धुऊन पुसलेले पाच किलो बटाटे आधी हवेत आणि मग जाळीत घालून पाण्यात बुडवून तोलावेत, जाळीचे वजन दोन्ही वेळा वजा करावे. हवेतील वजनाला दोन्ही वजनांतील फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, मिळते. पाच हजार ग्रॅमचे पाण्यात ३७५ ग्रॅम भरले तर उत्तर १.०८१ येते आणि तो बटाटा वेफरच्या कामाचा असतो. ३३० ग्रॅम भरले तर १.०७१ येते आणि तो भाजीला द्यावा. काटाही नसेल तर दहा लिटर पाण्यात सव्वा किलो मीठ विरघळवावे. हे द्रावण साधारण १.०८ घनतेचे होते. त्यात बुडणारे बटाटे कामाचे आणि तरंगणारे हलके. मात्र तरंगलेल्यांपैकी काही कापून पाहावेत, कारण आतून पोकळ असलेला बटाटाही तरंगतो. बटाट्याला चिकटलेली माती या दोन्ही पद्धतींत उत्तर बिघडवते.

वड्यासाठी हिशेब थोडा वेगळा आहे. ठाण्यात वड्याचे सारण करणाऱ्या एका ओळखीच्या काकूंनी मला पुखराज आणि ज्योती हे दोन वाण एकाच पातेल्यात उकडून दाखवले होते. पुखराज चेचल्यावर हाताला ओलसर लागत होता आणि सारणाचा गोळा बसत होता; ज्योती सुटी, पिठूळ राहिली. 'ओल्या सारणाचा वडा तेलात फुटतो,' एवढेच त्या म्हणाल्या. पुखराज लवकर येतो आणि भरपूर पिकतो, त्यामुळे शेतकऱ्याचा तो आवडता आहे. त्याला वडा किंवा वेफरच्या परीक्षेत बसवून नापास करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वाण कोणत्या कामासाठी पारखतो आहोत, हे लावणीपूर्वी ठरवावे.

काढणीची घाई आणि खताचा उशीर

बाजारभाव चढला की ७० दिवसांतच काढणी होते. कोवळ्या बटाट्यात सुक्रोज जास्त असते, शुष्क पदार्थ भरलेला नसतो आणि साल अंगठ्याने सुटते; असा बटाटा साठवणीत लवकर सुकतो व सडतो. पाला कापल्यानंतर दहा ते पंधरा दिवस बटाटा जमिनीतच राहू द्यावा आणि अंगठा जोराने घासूनही साल निघत नाही याची खात्री करून मगच काढणी करावी. लवकर आणि उशिरा येणारे वाण एकाच तारखेला काढले तर उशिराच्या वाणाचे नुकसान होते. म्हणून ७५, ९० आणि १०५ दिवसांनी वेगवेगळ्या ओळी काढून पाहाव्यात. नत्राचा शेवटचा हप्ता उशिरा दिल्यास पाला हिरवागार राहतो, पण बटाटा पक्व होत नाही. पालाशासाठी (पोटॅशसाठी) म्युरेट ऑफ पोटॅश या खताऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश दिल्यास विशिष्ट गुरुत्व चांगले राहते. निदान चाचणीत तरी सर्व वाणांना एकच खत असावे.

नमुना घेताना आणि तळताना

पाच बटाट्यांवर निकाल देऊ नये. गोणीच्या वरून, मधून आणि तळातून मिळून किमान वीस बटाटे घ्यावेत. साखर देठाकडच्या टोकाला बहुधा जास्त साठते, त्यामुळे केवळ मधले काप तळले तर दोष दिसतच नाही. प्रत्येक बटाटा देठापासून डोळ्यांकडे उभा चिरून काही काप तसेही तळावेत. कापाची जाडी सुमारे दीड मिलिमीटर आणि तेलाचे तापमान १८० अंश कायम ठेवावे. एका वेळी जास्त काप टाकले की तेल थंडावते आणि शेवटच्या घाण्यातला वाण विनाकारण चांगला किंवा वाईट ठरतो. वाणांचा क्रम दर वेळी बदलावा. घाईत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारी, लघवीतील साखर तपासण्याची पट्टी चिरलेल्या फोडीत दाबून रंग पाहता येतो. ती फक्त ग्लुकोज दाखवते, तरीही गाडी उतरवून घेण्यापूर्वीची पहिली चाळणी म्हणून मी ती नेहमी खिशात ठेवतो.

मे महिन्यात बंद ताडपत्रीखाली आलेल्या गाडीतला बटाटा चिरल्यावर मध्यभागी काळा निघाला तर वाणाला दोष देण्यापूर्वी हवा कोंडली होती का, हे तपासावे. उष्णता आणि प्राणवायूची कमतरता एकत्र आली की कोणत्याही वाणाचे काळीज काळे पडते.

एका हंगामावर आणि परक्या प्रदेशावर विसंबणे

पंजाबच्या थंड हिवाळ्यात उत्तम ठरलेला वाण पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरच्या खरिपात तसाच वागेल, असे गृहीत धरू नये. रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर राहिले की बहुतेक वाणांत बटाटे धरणे मंदावते; कुफ्री सूर्या हा उष्णता सोसणारा वाण म्हणूनच वेगळा काढला गेला. त्यातही खरिपात करप्याचा दाब मोठा असतो. कुफ्री ज्योती १९६८ मध्ये आली तेव्हा उशिराच्या करप्याला ती दाद देत नसे. रोगाची बुरशी बदलत गेली आणि ती ताकद पुढे टिकली नाही. 'प्रतिकारक' हा शिक्का किती वर्षांपूर्वीचा आहे, हे विचारायलाच हवे. दोन ते तीन वर्षे, दोन्ही हंगाम आणि प्रत्येक वाणाच्या किमान तीन-चार विखुरलेल्या वाफ्यांशिवाय शिफारस करू नये.

हिरवेपणा आणि कडूपणा न तपासणे

अमेरिकेत १९६७ मध्ये लेनापे नावाचा वाण वेफरसाठी फार उत्तम म्हणून पुढे आला आणि ग्लायकोअल्कलॉइड या बटाट्यातल्या कडू, विषारी द्रव्याचे प्रमाण जास्त आढळल्याने १९७० मध्ये मागे घ्यावा लागला. त्याचेच रक्त असलेला अटलांटिक हा वाण पुढे जगभर चालला, कारण निवड करताना हा गुण तपासला गेला. १०० ग्रॅम ताज्या बटाट्यात २० मिलिग्रॅम ही सुरक्षिततेची प्रचलित मर्यादा मानली जाते. तुमच्या चाचणीतला वाण दुकानातल्या दिव्याखाली किती दिवसांत हिरवा पडतो, हे मांडून ठेवून पाहणे फुकट आहे. उकडलेली फोड कडू किंवा घशाला चरचरीत लागली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

एकदा बाद केलेला वाण पुन्हा न उघडणे

चिप्सोनाच्या त्या उरलेल्या दोन गोण्या मी कारखान्याच्या वातानुकूलित खोलीत १८ अंशांवर तीन आठवडे ठेवल्या. जूनच्या मध्यावर त्यातलेच वीस बटाटे तळले तेव्हा बहुतेक काप फिकट सोनेरी निघाले, तीन-चार कापांना देठाकडे तपकिरी पट्टा राहिला. वहीतली 'वाण नको' ही ओळ खोडून मी तिच्यापुढे कोठीचे तापमान, दिवस आणि तळण्याची तारीख लिहिली. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गोणीला सुतळीने एक चिठ्ठी बांधतो; तिच्यावर बेण्याची पिढी, लावणी, पाला कापणे आणि काढणीच्या तारखा आणि त्यानंतर बटाटा जिथे जिथे राहिला तिथले तापमान असते. चिठ्ठी कोरी असेल तर काप तळतो, पण त्याचा रंग वाणाच्या रकान्यात लिहीत नाही.