फॉर्म आणि व्हिडिओ प्लेअर: या चुका टाळा

वेबपेजच्या फॉर्ममध्ये आकडे भरायचे असले की डोळे झाकून इनपुटला (भरायच्या चौकटीला) टाइप ‘नंबर’ द्यायचा, ही सवय आधी सोडा. ओटीपी, खाते क्रमांक, कार्ड नंबर आकड्यांत लिहितात खरे, पण त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. नंबर इनपुटला हे कळत नाही. 0042 भरल्यावर चुकून वरच्या बाणाला हात लागला की त्याचं 43 होतं, पुढची शून्यं गायब. काही ब्राउझरांत चौकटीवर फोकस (कर्सर) असताना माउसचं चाक फिरलं तरी आकडा बदलतो. ‘1e5’ (म्हणजे 1,00,000) हीसुद्धा त्याच्या लेखी वैध संख्याच.

सगळ्यात चकवणारी तक्रार वेगळीच असते: “नंबर भरलाय, तरी ‘हे फील्ड रिकामं आहे’ असं येतंय.” क्रोममध्ये 12-34 टाइप करून पाहा. चौकटीत मजकूर दिसतो, पण तो संख्या नसल्यामुळे व्हॅल्यू म्हणून स्क्रिप्टला रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) मिळते. अशा वेळी फील्डच्या व्हॅलिडिटीमधलं (वैधतेच्या नोंदीतलं) ‘बॅडइनपुट’ तपासा, म्हणजे फील्ड खरंच रिकामं आहे की भलतंच काही भरलंय ते कळेल. मुळात अशा फील्डला टाइप ‘टेक्स्ट’च ठेवा आणि इनपुटमोड ‘न्यूमेरिक’ द्या. मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येतो, बाकी कटकट नाही. ओटीपीसाठी ऑटोकम्प्लीटला (आपोआप भरण्याच्या सोयीला) ‘वन-टाइम-कोड’ द्यायला विसरू नका.

तारखेच्या इनपुटवरून टीममध्ये हमखास वाद होतो: “माझ्याकडे महिना आधी दिसतोय, तुझ्याकडे दिवस!” दोघंही बरोबर. दिसणारा क्रम वापरणाऱ्याच्या सेटिंगनुसार ठरतो, सर्व्हरला मात्र कायम वर्ष-महिना-दिवस असंच जातं. सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने) हा क्रम बदलायच्या मागे लागू नका. पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट निवडायला कॅलेंडर छानच. जन्मतारखेसाठी मात्र कॅलेंडर उघडून चाळीस वर्षं मागे जायला लावणं हा निव्वळ छळ आहे; तिथे दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी बऱ्या.

आणखी दोन बारीक गोष्टी. फॉर्ममधल्या बटणाला टाइप दिला नाही तर ते सबमिट धरलं जातं, म्हणून ‘पासवर्ड दाखवा’ दाबताच फॉर्म निघून जातो. आणि आयफोनवर फील्डला हात लावताच पान झूम होत असेल तर अक्षरांचा आकार 16 पिक्सेलपेक्षा कमी आहे.

व्हिडिओकडे येऊ. व्हिडिओ टॅगवर कंट्रोल्स=“फॉल्स” लिहूनही प्लेअरची बटणं जात नाहीत, कारण तो ॲट्रिब्यूट (टॅगवर लिहिलेला गुणधर्म) नुसता असणंच पुरेसं असतं; नको असेल तर काढून टाका. पण काढण्याआधी विचार करा. कीबोर्ड, फोकस, सबटायटल, फुलस्क्रीन हे सगळं ब्राउझर फुकट देत होता, ते आता तुमच्या गळ्यात. फक्त रंग जुळत नाही म्हणून एवढा व्याप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी स्वतःची बटणं करायचीच असतील तर क्लिक झाला म्हणून प्लेचं चिन्ह बदलू नका. व्हिडिओ हेडफोनच्या बटणानेही थांबतो, फोन आला तरी थांबतो. तुमचं बटण मात्र ‘चालू आहे’ असंच सांगत राहतं. चिन्ह ‘प्ले’ आणि ‘पॉज’ या इव्हेंटांवरच (ब्राउझर कळवतो त्या घटनांवरच) बदला. व्हिडिओ सुरू करणारी प्ले मेथड प्रॉमिस (निकाल नंतर कळवण्याचं वचन) परत देते आणि ते नाकारलंही जातं. क्रोमने 2018 पासून आवाजासकट ऑटोप्लेला लगाम घातलाय, म्हणून तो नकार हाताळणारं कॅच लिहा. ऑटोप्ले हवाच असेल तर ‘म्यूटेड’ द्या, आयफोनसाठी ‘प्लेजइनलाइन’ही.

सीकबार (व्हिडिओ पुढे-मागे नेण्याची पट्टी) ओढताना मागे उडी मारत असेल तर ‘टाइमअपडेट’ इव्हेंटवरचा तुमचा कोड त्याची जागा पुन्हा पुन्हा लिहितोय. ओढणं चालू असेपर्यंत ते लिहिणं थांबवा. एकूण वेळ ‘एनएएन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) दिसत असेल तर ‘लोडेडमेटाडेटा’ इव्हेंट येईपर्यंत थांबा. आणि पुढे सरकवल्यावर व्हिडिओ पुन्हा शून्यावर येत असेल, तर जावास्क्रिप्ट उसवत बसण्याआधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा. व्हिडिओच्या रेंज रिक्वेस्टला (फाइलचा ठरावीक तुकडा मागणाऱ्या विनंतीला) 206 (‘हा घ्या तुकडा’) ऐवजी 200 (‘ही घ्या अख्खी फाइल’) उत्तर येत असेल तर दोष प्लेअरचा नाही, सर्व्हरचा आहे.