रॅम वाढवली आणि लॅपटॉप सुरूच होईना? दुकानात धावण्याआधी हे करा

मार्चअखेर, त्यात हळदीचे सौदे जोरात. अशा धामधुमीत सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी बगलेत लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. "कालपर्यंत रडतखडत का हुईना चालत हुता. ४ जीबीला ८ची जोड दिली, तर आता मेलाय बघा ह्यो." बटण दाबलं की पंखा फिरायचा, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायचा, पण पडदा काळाचा काळाच. नवी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, खराब निघाली, ती परत पाठवायची, असं दिवाणजींनी येतानाच ठरवून टाकलं होतं. रॅम ठणठणीत होती. बहुतेक वेळा तसंच निघतं, म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय.

आधी काहीच करू नका. चार्जर लावा, लॅपटॉप सुरू करा आणि चहा टाका. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना लॅपटॉप नव्या मेमरीची चाचपणी करतो. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) असेल तर यात काही मिनिटं सहज जातात, पडदा काळाच राहतो, मधे एखाद्या वेळी तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरूही होतो. बरेच जण नेमके इथंच घाबरून पॉवर बटण दाबतात आणि चाचपणी पहिल्यापासून सुरू होते. दहा मिनिटं झाली तरी काही हललं नाही, तर मग पुढं चला. बीप वाजत असतील किंवा दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकत असेल तर मोजून कागदावर लिहा. त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत तो सापडतो.

आता वीज पूर्ण काढा. चार्जर बाजूला, बॅटरी बाहेरची असेल तर तीही काढा. आतली असेल तर खालचं झाकण उघडून तिचा कनेक्टर मुख्य बोर्डापासून अलगद सोडवा. मग पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. रॅमला हात लावण्याआधी एखाद्या लोखंडी, रंग न दिलेल्या वस्तूला हात टेकवा. साताऱ्याकडच्या थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच वीज चिपचा जीव घेऊ शकते.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच गाळतात. नवी रॅम काढा, जुनी एकटी तिच्या जुन्याच जागी बसवा, बॅटरी जोडा आणि सुरू करा. सुरू झाला, तर बोर्ड शाबूत आहे, निम्मा जीव भांड्यात पडला. नाहीच झाला, तर हाताळताना दुसरं काहीतरी हललं असेल, एखादी केबल किंवा बॅटरीचा कनेक्टर. ते आधी बघा.

जुनीवर सुरू झाला की ती काढून त्याच जागी नवी एकटी लावा. चालली, म्हणजे नवी चांगली आहे आणि संशय रॅम बसवायच्या दुसऱ्या जागेवर (स्लॉटवर). मग दुसऱ्या स्लॉटमध्ये जुनी एकटी लावून बघा. एरवी चालणारी जुनीसुद्धा तिथं मुकी झाली, तर दोष स्लॉटचा. दोन्ही पट्ट्या दोन्हीकडे एकेकट्या चालतात, पण जोडीनं नाही? मग त्यांचं आपसात पटत नाही. दर खेपेला बंद करून, वीज काढूनच अदलाबदल करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे चार प्रयोग कागदावर मांडा. डोक्यात ठेवले की तिसऱ्या खेपेला गोंधळ होतोच.

दिवाणजींची गाडी दुसऱ्या स्लॉटवर अडली. टॉर्च मारला तर आत पिवळं. चार वर्षं रिकामा राहिलेला स्लॉट, आणि दुकानात दिवसभर हळद उडते. कोवळ्या ब्रशनं झाडला तर कागदावर चिमूटभर पूड पडली, भाजीला पुरली असती. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. रॅमच्या सोनेरी दातांवर डाग असतील तर साधं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा आणि चुरा नीट झाडून टाका. स्लॉटमध्ये मात्र खोडरबर घालायचं नाही.

बसवण्याची पद्धतही सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच. पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी धरून आत सरकवा, दोन्ही कोपरे सारखे आत जाईपर्यंत. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा खटका ऐकू आला पाहिजे. एकाच बाजूचा आला तर काढून परत बसवा.

एवढं करूनही नवी कुठंच चालत नसेल तर स्टिकर वाचा. डीडीआर३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळं चुकीची पट्टी बसतच नाही. बसत नसेल तर जोर करू नका. खरा चकवा आहे डीडीआर३ आणि डीडीआर३एलचा. खाच तीच, दात तेच २०४, पण साधीला १.५ व्होल्ट लागतात आणि 'एल'वाली १.३५वर चालते. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवाल्या बऱ्याच लॅपटॉपना फक्त 'एल'वाली चालते. साधी घातली की पडदा काळा. स्टिकरवर 'पीसी३एल' आहे की नुसतं 'पीसी३', एवढंच बघायचं. शिवाय आपलं मॉडेल एकूण किती जीबी घेतं, तेही कंपनीच्या माहितीत तपासा.

सुरू होतो पण मधेच अडकतो किंवा निळा पडदा येतो, तर एकदा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं. मग 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' चालवा. शंका उरलीच तर रात्रभर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी परत करा. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या असतील तर दोन्ही सहसा कमी वेगानं चालतात, तो दोष नव्हे. बायोस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर नवंच दुखणं मागं लागेल.

झाकणाचे स्क्रू सगळं चालल्यावरच आवळायचे. ते कमीजास्त लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डात घुसतो. दिवाणजींचे स्क्रू मी जमाखर्चाच्या एका कोऱ्या पानावर, झाकणात होते त्याच जागी मांडून ठेवले होते. सगळे बसले. पान मात्र पिवळं झालं.