नाकाची शस्त्रक्रिया: ठरवण्याआधी आणि झाल्यावर

‘नाकाचं हाड वाढलंय’ असं आपल्याकडे सरसकट म्हणतात. बहुतेक वेळा हाड वाढलेलं नसतंच. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो, किंवा आतल्या भिंतीवरचे मांसल उंचवटे, म्हणजे टर्बिनेट, सुजलेले असतात, नाहीतर नाकाच्या मधल्या भागातली कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक भाग, लेचीपेची असते आणि श्वास घेताना आत ओढली जाते. तिन्हींचे उपाय वेगळे. पडदा सरळ करणं म्हणजे सेप्टोप्लास्टी, आकार बदलणं म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी, आणि दोन्ही एकाच वेळी केलं तर सेप्टोऱ्हायनोप्लास्टी.

घरी एक साधी चाचणी करता येते. नाकाच्या कडेला गालावर बोट ठेवा आणि त्वचा हळूच कानाच्या दिशेने ओढा. श्वास एकदम मोकळा झाला तर अडथळा नाकाच्या ‘व्हॉल्व्ह’पाशी, म्हणजे आतल्या सगळ्यात अरुंद जागी, असू शकतो. अशा वेळी नुसता पडदा सरळ करून भागत नाही. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना जरूर सांगा.

सतत शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, डोळ्यांना खाज असेल तर त्रास बहुधा ॲलर्जीचा आहे आणि शस्त्रक्रियेने ती जात नाही. आधी डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे 4 ते 6 आठवडे नेमाने घ्या. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, आणि टोक पडद्याकडे न करता डोळ्याच्या बाहेरच्या कडेकडे. सरळ पडद्यावर मारला की रक्त येतं, मग लोक स्प्रेलाच दोष देतात. नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र 5 दिवसांपुढे नकोत. त्यांचा अंमल उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि अनेकांचं ‘वाढलेलं हाड’ हे त्या बाटलीचंच देणं असतं.

रूप आणि श्वास एकाच खांबावर

नाकावरचा उंचवटा तासला की नाकाचं छप्परच उघडतं. बाजूच्या कूर्चा आधार न देता सोडल्या तर त्या आत ढळतात आणि व्हॉल्व्ह अरुंद होतो. नाक दिसतं नेटकं, पण रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो. म्हणून सर्जन बहुधा पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवतात. कूर्चा पडद्यातूनच काढतात, पण पुढून आणि वरून किमान 1 सेंटीमीटर रुंदीची चौकट जागेवर ठेवावीच लागते. तीही गेली तर नाक मधे खचतं. पडद्यातली कूर्चा पुरली नाही तर कानाची किंवा बरगडीची घेतात. कानाची वळणदार आणि थोडीच मिळते, बरगडीची भरपूर, पण कालांतराने वाकू शकते. सिलिकॉनचं रोपण सोपं असतं, मात्र ते सरकण्याची, जंतुसंसर्गाची आणि वर्षांनंतरही त्वचेतून बाहेर येण्याची जोखीम राहते. शरीराचाच ऊतक वापरण्याचं शहाणपण जुनं आहे: कापलेल्या नाकावर कपाळाची त्वचा वळवून पुण्याजवळ केलेल्या शस्त्रक्रियेचं वर्णन 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं, आणि तेच तत्त्व कर्करोगात गेलेलं नाक घडवताना आजही वापरतात.

इंजेक्शनने फिलर, म्हणजे त्वचेखाली उभार आणणारं द्रव्य, भरून ‘बिनाशस्त्रक्रिया नाक’ करून देणाऱ्या जाहिराती खूप दिसतात. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित दृष्टी कायमची जाते. ब्यूटी पार्लरमध्ये हे करून घेणं म्हणजे निव्वळ जुगार.

आधीची तयारी

आकार बदलायचा तर वाढ पूर्ण व्हायला हवी: मुलींमध्ये साधारण 15-16, मुलांमध्ये 17-18 वर्षं. सर्जन प्लास्टिक सर्जरीतले एमसीएच किंवा डीएनबी असावेत, नाहीतर कान-नाक-घसा विषयातले एमएस किंवा डीएनबी असून अशा शस्त्रक्रिया नियमित करणारे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. संगणकावर दाखवलेलं ‘नंतरचं नाक’ ही दिशा असते, हमी नसते. आपल्याकडे नाकाच्या शेंड्याची त्वचा बऱ्याच जणांची जाड असते, आणि जाड त्वचेखाली कितीही कोरीव काम केलं तरी ते पुसटच दिसतं.

खर्चाचं अंदाजपत्रक श्वासाचं वेगळं आणि सौंदर्याचं वेगळं लेखी मागा. आरोग्य विमा निव्वळ सौंदर्यासाठीचा खर्च देत नाही. पडद्याच्या शस्त्रक्रियेलाही बऱ्याच पॉलिसींमध्ये 2 वर्षांची प्रतीक्षा असते.

सिगारेट, तंबाखू, मशेरी किमान 4 आठवडे आधी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. लसणाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, माशाचं तेल 2 आठवडे आधी थांबवा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. भूल देण्याआधी 6 तास अन्न नाही, चहा-दूधही नाही. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत.

चमकी, नथ काढावी लागते आणि भोक बुजू शकतं. लग्नासाठी नाक करायचं असेल तर मुहूर्ताच्या किमान 6 महिने आधी, खरं तर वर्षभर आधी करा. टोचायची असो वा प्रेसची, नथ पहिले 6 आठवडे नाकाला लावायची नाही.

शस्त्रक्रिया आणि पहिले दोन आठवडे

सेप्टोप्लास्टीला पाऊण ते दीड तास लागतो, काप आतूनच असतो. ऱ्हायनोप्लास्टीला 2 ते 4 तास. उघड्या पद्धतीत दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद असतो, त्याची रेघ वर्षभरात जवळपास दिसेनाशी होते. भूल पूर्ण. घरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी.

वेदनेपेक्षा छळते ती कोंडी. नाक दाबलं की तोंड उघडतं हे शब्दशः अनुभवाल: घसा कोरडा, झोप तुटक, घास गिळताना कानात दडे. आत पट्टी भरली असेल तर ती 1-2 दिवसांत काढतात. पडद्याला आधार म्हणून आत ठेवलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्या, बाहेरचा साचा आणि टाके साधारण 5 ते 7 दिवसांनी. डोळ्यांखालचा काळेनिळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन आठवड्यांत ओसरतो.

डोकं दोन-तीन उशांवर ठेवून उताणं झोपा. बर्फाचा शेक गाल आणि डोळ्यांवर 15 मिनिटं घ्या, नाकावर नको. मिठाच्या पाण्याचा स्प्रे सांगितल्याप्रमाणे मारा, खपली बोटाने काढू नका. 2 आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या. वाकणं, जड उचलणं, व्यायाम 3-4 आठवडे बंद. कपालभाती आणि शीर्षासन सर्जनने परवानगी दिल्यावरच. हाडं कापली असतील तर चष्मा 4 ते 6 आठवडे नाकावर टेकवू नका, कपाळाला चिकटपट्टीने अडकवा.

शेंडा आणि पुढचे वरचे दात काही काळ बधिर वाटतात, वास कमी येतो. हे बहुधा आपोआप सुधारतं.

ताबडतोब फोन कधी

दोन्ही बाजू अचानक पूर्ण बंद, वेदना वाढती आणि ताप, असं झालं तर पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, पोषण वरच्या आवरणातून येतं. मधे रक्त साठलं की ते तुटतं, कूर्चा काही दिवसांत मरते आणि नाक खचतं. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. 10-15 मिनिटं पुढे वाकून नाकाचा मऊ भाग हलका दाबूनही रक्त थांबत नसेल, एका नाकपुडीतून स्वच्छ, खारट पाणी गळत असेल किंवा दृष्टी बदलली, तरीही थेट रुग्णालयात जा.

उशिरा कळणारे दोषही असतात. पडद्याला भोक पडलं तर श्वासाबरोबर शिट्टी वाजते आणि खपल्या धरतात. आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या तर कोंडी परत येते. टर्बिनेट जास्त कापले तर नाक मोकळं असूनही श्वास पुरत नाही असं वाटतं, म्हणून ते ‘पूर्ण काढून टाका’ असा आग्रह धरू नका.

पहिल्या महिन्यात आरशात दिसणारं नाक सुजलेलं असतं. बरीचशी सूज 3 महिन्यांत जाते, शेंड्याची 12 महिने टिकते, जाड त्वचेत 18 महिनेही. नाक किंचित वाकडं दिसत असेल तर दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो काढून ठेवा. दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागलीच तर ती बहुधा वर्षभरानंतर करतात, तोवर सुजेखालचे व्रण मऊ झालेले असतात.