आरमध्ये तक्ता दिसत नाही? या चुका टाळा

रत्नागिरीत मत्स्यशास्त्राच्या मुलांना प्रबंधाच्या दिवसांत मी आकडेमोडीत, म्हणजे आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत, मदत करतो. सगळ्यात जास्त फोन एकाच तक्रारीचे येतात: "सर, कोड चालतो, एरर पण नाही, पण टेबलच येत नाही."

अशा वेळी कोड खोडायला घेऊ नका. तक्ता बनलाच नाही, की बनून दिसत नाही, हे आधी ठरवा. ज्या नावात तो साठवलाय ते नाव कन्सोलवर (आरला आज्ञा द्यायच्या खिडकीत) एकटंच टाइप करून एंटर दाबा. तक्ता आला तर हिशेब बरोबर आहे, दाखवायचं राहिलंय. बाणाच्या खुणेने (<-) तक्ता नावात साठवला की आर तो छापत नाही, एवढंच बऱ्याचदा कारण असतं.

दुसरं ठिकाण लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड. एका मुलीकडे हर्णे, दाभोळ, मिरकरवाडा, देवगड आणि मालवण या पाच बंदरांच्या नोंदी होत्या. एकेका बंदराचा तक्ता सुटा केला की दिसायचा, फॉर लूपमध्ये घातला की स्क्रीन कोरी. तिने दोन दिवस आर काढून पुन्हा टाकण्यात घालवले. खरं तर कन्सोलवर थेट लिहिलेल्या ओळीचं उत्तर आर आपणहून छापतो, लूपच्या आत मात्र नाही. फंक्शनमधल्या मधल्या ओळींचंही तसंच. तक्त्याभोवती प्रिंट घातलं आणि पाचही बंदरं ओळीने आली. सोर्स वापरून अख्खी फाइल चालवली तरी हीच गत होते. तिथेही प्रिंट लिहा.

आर मार्कडाउनच्या (मजकूर आणि कोड एकत्र असलेल्या) रिपोर्टात केबल (kable) फंक्शनचा तक्ता लूपमधून छापला, की कधी कधी नुसत्या उभ्या रेघा आणि डॅश दिसतात. त्या चंकच्या, म्हणजे रिपोर्टातल्या कोडच्या तुकड्याच्या, रिझल्ट्स या पर्यायात 'अ‍ॅझइज' (asis) लिहा.

कन्सोलवर डावीकडे अधिकचं चिन्ह आलंय? मग कुठेतरी कंस किंवा अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय आणि आर तुमची वाट बघतोय. एस्केप दाबा, कंस मोजा.

प्रिंट लिहूनही काहीच येत नसेल तर सिंक (sink) हे फंक्शन आठवा. तक्ते फाइलीत पाठवायला सिंक लावला आणि मध्येच एरर आली, तर तो बंद करणारी ओळ चालतच नाही. पुढचं सगळं गुपचूप फाइलीत जात राहतं, एरर तेवढ्या स्क्रीनवर दिसतात. रिकाम्या कंसाचा सिंक चालवा, काढायला काही उरलं नाही असा इशारा येईपर्यंत.

तक्त्याऐवजी 'टेबल ऑफ एक्स्टेंट 0' आलं, तर मात्र छापण्यात दोष नाही, फिल्टरमधून एकही ओळ आलेली नाही. जून-जुलैच्या ट्रॉलरच्या नोंदी मागितल्या असतील तर ते साहजिक आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदीच असते. पण भर हंगामातला बांगडा शून्य कसा? एका फाइलीत मला 'बांगडा' या शब्दापुढे एक मोकळी जागा सापडली. डोळ्यांना दोन्ही सारखे, आरला दोन वेगळे मासे. ट्रिमडब्ल्यूएस (trimws) फंक्शनने कॉलम साफ करा, मग फिल्टर लावा.

टिबल (आरमधल्या तक्त्याचा एक प्रकार) वीस ओळींहून मोठी असली की पहिल्या दहाच दाखवते. प्रिंटमध्ये एन = इन्फ (n = Inf) द्या.

मला खरी भीती वाटते ती अर्धवट दिसणाऱ्या तक्त्याची. कोरी स्क्रीन निदान लक्षात तरी येते. टेबल फंक्शन एनए (नोंदच नाही अशी खूण) असलेल्या ओळी न सांगता वगळतं. लिलावाच्या घाईत माशाचं नाव लिहायचं राहिलेल्या नोंदी तक्त्यात येत नाहीत, आणि टक्केवारी उरलेल्यांवरच निघते. म्हणून यूजएनए (useNA) या पर्यायात 'इफएनी' (ifany) लिहा. तक्त्याची बेरीज मूळ डेटाच्या ओळींशी जुळल्याशिवाय तो प्रबंधात चिकटवू नका.