इन्हेलर हलवून पाहू नका, डोस मोजा
इन्हेलर कानाशी हलवला, आत काहीतरी डुचमळलं, म्हणजे औषध शिल्लक आहे असं समजू नका. ठरलेले डोस संपल्यावरही आत थोडा वायू उरतो आणि फवारा उडत राहतो. औषध मात्र पुरेसं मिळत नाही. इन्हेलरवर काउंटर (उरलेले डोस दाखवणारा आकडा) असेल तर तो बघत जा. नसेल तर साधा हिशोब: 200 डोसचा इन्हेलर, रोज 4 फवारे, म्हणजे 50 दिवस. संपण्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा. तातडीच्या (दम लागल्यावरच घ्यायच्या) इन्हेलरला हे गणित लागू पडत नाही, कारण तो रोज लागायलाच नको (लागत असेल तर डॉक्टरांना सांगाच). त्याचा एक जादा जवळ असू द्या. आणि हो, स्टेरॉइडच्या फवाऱ्यानंतर खळखळून चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.