तिसरी पाळी करताय? यकृतासाठी जेवणाची वेळ आधी आवरा

चाकण, रांजणगाव, भोसरीकडे तिसरी पाळी म्हणजे साधारण रात्री अकरा ते सकाळी सात. हिंजवडीत परदेशी वेळेवर काम करणाऱ्यांची रात्रही अशीच जाते. पाळी ठरवणं आपल्या हातात नसतं आणि दिवसाची झोप रात्रीसारखी लागत नाही. जेवणाची वेळ मात्र बरीचशी आपल्या हातात असते.

शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूत असतं, ते उजेडावर चालतं. यकृताच्या पेशींचं घड्याळ मुख्यतः जेवणाच्या वेळेवर चालतं. (पेशींतलं हे घड्याळ कसं चालतं ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.) रात्री दोनला कँटीनमध्ये भात-आमटीचं पूर्ण ताट जेवलं की मेंदूत रात्र आणि यकृतात दुपार असा घोळ होतो. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनही नीट काम करत नाही. मग शरीरातल्या साठ्यातून मेदाम्लं (चरबीचे सुटे घटक) जास्त सुटतात आणि यकृतात जमतात; जादा साखरेची चरबीही तिथेच तयार होते. ही चरबी जाळताना मायटोकॉन्ड्रियांतून (पेशीतल्या ऊर्जाघरांतून) पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू बाहेर पडतात. त्यांना निकामी करणारं ग्लुटाथिऑन यकृत स्वतःच बनवतं, पण हा मारा रोजचा झाला की ते अपुरं पडतं आणि पेशींना सूज येते. दारूला कधी न शिवलेल्या माणसालाही फॅटी लिव्हर होतं, ते याच वाटेने.

म्हणून मुख्य जेवण पाळीला निघण्यापूर्वी, साडेआठ-नऊला घरीच करा: २ भाकऱ्या, उसळ, भाजी, ताक. रात्री बारा ते सहा मोठं जेवण टाळा. भूक लागलीच तर मूठभर फुटाणे किंवा एक उकडलेलं अंडं पुरे. वडापाव, बिस्किटं, साखरेचं कोल्ड्रिंक नको. त्या वेळी साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. सकाळी घरी आल्यावर उपाशी झोपू नका, भुकेने अकरालाच जाग येते. वाटीभर पोहे, वर शेंगदाणे, एवढं खाऊन झोपा. दुपारी उठल्यावर नेहमीचं जेवण. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नका, साखर एकदम उतरू शकते.

दुसऱ्या पाळीत चूक वेगळी होते. साडेअकराला घरी पोचून गरम जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं. कँटीनमध्ये आठलाच जेवून घ्या.

झोपेचं गणित असं: सकाळी साडेआठ ते दुपारी दोन, आणि पाळीला निघण्यापूर्वी संध्याकाळी दीड तास. एकूण ७ तासांच्या खाली सतत राहू नका. चहातल्या कॅफीनचा निम्मा अंश सुमारे ५ तासांनंतरही शरीरात उरतो, म्हणून शेवटचा चहा रात्री दोनपर्यंत. सकाळी परतताना कंपनीच्या बसमध्ये काळा गॉगल लावा, म्हणजे उजेडाने झोप उडत नाही. दुचाकी चालवत असाल तर अजिबात नको. खिडकीला जाड, गडद पडदा हवाच. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर ते आधी तपासा. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत राहिला तर यकृताचं वेगळं नुकसान होतं.

अंगदुखीवर पॅरासिटामॉल घेताना मात्रा पाळा. ते पचवायला हेच ग्लुटाथिऑन खर्च होतं, त्यामुळे दारूबरोबर तर ते फारच महागात पडतं. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे घेऊ नका. गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आपल्याकडच्याच डॉक्टरांनी केल्या आहेत.

कंबर पुरुषाची ९० सेंमीच्या वर, स्त्रीची ८० च्या वर असेल तर रक्तातली एसजीओटी, एसजीपीटी (यकृताची एन्झाइमं) आणि प्लेटलेट तपासून घ्या. आदल्या दिवशी जड ओझी उचलली असतील तर थांबा. स्नायूंमुळेही पहिले दोन आकडे चढतात. मग फिब-४ (यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा) काढा: वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, रिपोर्टमध्ये २.४ लाख असतील तर २४०. इथेच बहुतेकांचं चुकतं. वय ४२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ असेल तर २०१६ भागिले १९२०, म्हणजे १.०५. १.३ च्या खाली असेल तर यकृतात मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञ गाठा. मधल्या आकड्याला फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) लागतो. पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही.

वजन ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४ किलो. सूज निवळायला ७ ते १० टक्के लागतात. डोळे पिवळे झाले, पोट फुगून आलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर पाळी संपायची वाट न बघता दवाखान्यात जा.