शेतरस्त्यासाठी अर्ज करताय? आधी कलम ठरवा

दसऱ्याला सोयाबीन काढून पडलेलं असतं आणि मळणीयंत्र रानात जायला वाट नसते. मग डोक्यावर भारे वाहायचे. मराठवाड्यात हे गावोगाव चालतं. गेली बरीच वर्षं मी लोकांचे रस्त्याचे अर्ज लिहून देतो. "कागद द्या आणि साहेबांना भेटा" या सल्ल्यानं किती जणांची सालं वाया गेली, ते डोळ्यांनी पाहिलंय.

तुमचा आणि लगतच्यांचा सातबारा, गटाचा नकाशा, शेजाऱ्यांची नावं-पत्ते आणि हातानं काढलेला कच्चा नकाशा जोडा. अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या.

माणसं अडतात ती कलमावर. रस्ता आधीपासून होता आणि कुणी अडवला, की कधी नव्हताच? दोन्हींचे कायदे वेगळे आहेत. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. गावनकाशावरच रस्ता दाखवलेला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं अतिक्रमण काढायचा अर्ज करा.

माझ्याच पहिल्या प्रकरणात मी इथं चुकलो. जूनमध्ये शेजाऱ्यानं आमची जुनी गाडीवाट नांगरून टाकली. कुणीतरी म्हणालं, रस्त्याला १४३ लावतात. मी लावलं. तारखा पडत गेल्या आणि आठ महिन्यांनी अर्ज फेटाळला गेला: रस्ता पूर्वापार होता म्हणता, मग १४३ लागत नाही. कलम ५ चा दावा अडवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. ती मुदत केव्हाच उलटली होती. शेवटी जुनी वाट सोडून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नवा रस्ता मागावा लागला, त्यात आणखी एक पेरणी गेली.

म्हणून वाट अडवली त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा, फोटो काढा. दाव्यात ती तारीख स्पष्ट हवी. "गेल्या पावसाळ्यापासून" असं मोघम लिहाल तर समोरचा वकील पहिला घाव तिथंच घालतो. समजुतीच्या बैठका जरूर करा, भावकी तोडू नका, पण पाचवा महिना लागला की बैठक बाजूला ठेवून दावा दाखल करा.

१४३ मध्ये जवळचा रस्ता मागू नका, वाजवी रस्ता मागा. शेतकऱ्याला शेतात जायला वाजवी वाट हवी, एवढंच तहसीलदार पाहतात. तुम्हाला दुसरी वाट असेल तर ती लपवू नका. स्थळपाहणीत ती दिसतेच, मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही. आणि मागणी बांधावरूनच करा. कुणाच्या वावराच्या मधून वाट मागितलेली मी टिकलेली पाहिली नाही.

स्थळपाहणीला स्वतः हजर राहा. जुन्या चाकोरीची माती दबलेली असते. नांगरली तरी तिथं ढेकळं मोठी निघतात आणि त्या पट्ट्यातलं पीक खुजं दिसतं. मंडळ अधिकाऱ्यांना तिथं उभं करून दाखवा, पंचनाम्यात लिहून घ्या. कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका, कितीही घाई केली तरी.

आदेश झाला की नक्कल घ्या. १४३ च्या आदेशाविरुद्ध समोरच्याला वर्षभरात दिवाणी दावा करता येतो, कलम ५ च्या आदेशावर अपील नाही, फेरतपासणी आहे, म्हणजे वरचे अधिकारी तो आदेश पुन्हा तपासतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कात रस्त्याची नोंद करून घ्या, मे २०२५ च्या शासन निर्णयातही ते सांगितलंय.

रस्ता मोकळा झाला की त्याच आठवड्यात ट्रॅक्टर फिरवा आणि मृगाआधी मुरूम टाका, नाहीतर काळ्या रानात पहिल्याच पावसात चाक रुतेल.